आठमाशी

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मला पॅकहाऊसचे गमबूट होईनासे झाले. पिंपळगाव बसवंतच्या बाजूला एका द्राक्ष पॅकहाऊसमध्ये मी क्वालिटी बघते. माल यायला अजून अवकाश होता. काटे तपासून घेणं, खोल्या धुवून काढणं, नव्या मुलींना घड कसा धरायचा आणि कात्री कुठं लावायची हे शिकवणं, असली कामं चालू होती. सातवा महिना सरत आलेला. पायाला सूज आली तर सगळ्या बायका एकच सांगतात, "येतेच गं, उशीवर पाय ठेवून झोप." मीही तेच केलं. चपला घालून कामावर जाऊ लागले.

त्याआधी चारच दिवस मी तपासणीला जाऊन आले होते. वजन झालं, गोळ्या मिळाल्या. बीपीचं मशीन चार्जिंगला लावलेलं होतं. "पुढच्या वेळी बघू," असं तिथली मुलगी म्हणाली आणि मीही "बरं" म्हणून उठले. द्राक्षाच्या पेटीचं वजन राहिलं असतं तर मी ती गेटबाहेर जाऊ दिली नसती, पण स्वतःच्या बाबतीत "बरं" म्हणाले. ही गोष्ट मला अजून टोचते. मशीन बंद असेल तर दुसरं आणायला सांगावं किंवा शेजारच्या दवाखान्यात मोजून घ्यावं, दोन मिनिटांचं काम आहे.

एक जानेवारीच्या रात्री डोकं असं दुखायला लागलं की उजेड नको झाला. डोळ्यांपुढं काजवे, उजव्या बरगडीखाली कळ. नवऱ्यानं गाडी काढली. बीपी १७०/११० निघालं, लघवीत प्रोटीन तीन प्लस. डॉक्टरीणबाई बोलता बोलताच सलाईन लावत होत्या. बाळाची वार नीट रुजली नाही की तिच्याकडं रक्त कमी जातं, त्याचा ताण आईच्या सगळ्या शरीरावर येतो आणि बीपी चढतं. त्याचं नाव प्रीएक्लाम्प्सिया. गोळ्यांनी बीपी आवरता येतं, पण खरा उपाय बाळंतपण हाच. बत्तिसावा आठवडा लागायला अजून दोन दिवस होते. तारीख होती मार्चच्या सुरुवातीची.

फिट येऊ नये म्हणून मॅग्नेशियमचं इंजेक्शन देतात. शिरेतून जाताना सगळ्या अंगातून गरम वाफ निघाल्यासारखं होतं. कमरेत देतात ते तर विचारूच नका. त्याखेरीज बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून मला डेक्सामेथासोनची चार इंजेक्शनं होती, दर बारा तासांनी एक. "ही चार पूर्ण होईपर्यंत बीपीनं साथ दिली पाहिजे," एवढंच बाई म्हणाल्या. ते दीड दिवस मी फक्त घड्याळाकडं बघत पडले होते.

सासूबाई पंचवटीतून डबा घेऊन आल्या. पलंगाच्या कडेला बसल्या आणि हळू आवाजात नवऱ्याला म्हणाल्या, "सातमाशी जगतं रे. आठमाशी नाही जगत. अजून काही दिवस आधी झालं असतं तर..." त्यांना वाटलं मला झोप लागली आहे.

ही समजूत माझ्या आजीचीही होती. संध्याकाळी मी डॉक्टरीणबाईंना विचारलंच. त्या हसल्या नाहीत, हे मला बरं वाटलं. म्हणाल्या, "पोटातला एकेक दिवस बाळाच्या फायद्याचा असतो. आठव्या महिन्यातल्या बाळाची फुप्फुसं सातव्यापेक्षा जास्त तयार असतात. उलटं कधीच नसतं." मी हे सासूबाईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पदरानं डबा पुसत बसल्या.

चार तारखेला सकाळी सिझर झालं. मुलगी. वजन १,३८० ग्रॅम.

मला आकडा ऐकून पहिल्यांदा आठवलं ते पनेट. अर्धा किलो द्राक्षांचं पारदर्शक खोकं, दहा मिळून एक पेटी. माझी लेक तीन पनेटांपेक्षाही हलकी होती. हा विचार मी कुणाला बोलून दाखवला नाही.

मी तिला पाहिलं ते नवऱ्याच्या मोबाइलवर. नाकात सीपॅपची, म्हणजे श्वासाला मदत करणाऱ्या मशीनची, नळी, पायाला लाल दिवा लागणारी पट्टी, हाताच्या पंजावर सुई बसवलेली. नावाच्या पट्टीवर माझं नाव होतं, तिचं नव्हतं. "बेबी ऑफ" आणि पुढं मी. तिसऱ्या दिवशी व्हीलचेअरवरून मला काचेच्या आत नेलं तेव्हा कळलं की फोटोत ती मोठी दिसत होती. तिच्या पाठीवर बारीक लव होती आणि कातडीखालच्या शिरा मोजता आल्या असत्या.

पाचव्या दिवशी वजन १,२५५ झालं. मी रडून घेतलं. नंतर कळलं की सुरुवातीला वजन उतरतंच, कमी दिवसांच्या बाळाचं जरा जास्तच उतरतं आणि जन्माच्या वजनावर परत यायला दोन आठवडे लागू शकतात. हे आधी कुणी सांगितलं असतं तर एक रात्र वाचली असती.

त्या पहिल्या आठवड्यात आमचे पैसेही उतरत होते. खाजगी एनआयसीयूचं, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाचं, बिल रोज संध्याकाळी यायचं. आठव्या दिवशी, सीपॅप निघाल्यावर, नवऱ्यानं विचारून विचारून सरकारी रुग्णालयातल्या एसएनसीयूमध्ये जागा मिळवली. नवजात बाळांचा स्वतंत्र विभाग असतो तो. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ मध्ये सुरू झाला, त्यात आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधं आणि ने-आण मोफत आहे. माझ्या माहेरच्यांनी नाकं मुरडली. "सरकारीत?" मीसुद्धा मनातून घाबरलेच होते. पण तिथं जे शिकले ते खाजगीत मला कुणी शिकवलं नव्हतं, कारण तिथं आईला आत घेत होते. आधीच्या जागी मी एरवी काचेबाहेरची पाहुणी होते.

पहिली गोष्ट दुधाची. मला दूधच नाही, असं मी धरून चालले होते. भाड्यानं आणलेल्या पंपात तीन दिवस थेंब नव्हता. एसएनसीयूतल्या सिस्टर मूळच्या केरळच्या, मराठी त्यांची ठसकेबाज. त्यांनी पंप बाजूला ठेवायला लावला. गरम पाण्यात पिळलेला कपडा छातीवर पाच मिनिटं. मग अंगठा वर आणि बोटं खाली, काळ्या भागाच्या कडेला. आधी मागं, छातीच्या हाडाकडं दाबायचं, मग बोटं जवळ आणायची, मग सोडायचं. बोंडी ओढायची नाही. "गाय दोहते तसं नाही करायचं," त्या म्हणाल्या. दहा मिनिटांनी स्टीलच्या वाटीच्या तळाला पिवळसर घट्ट असं काही जमलं. दोन मिलिलिटर. त्यांनी ते सिरिंजमध्ये असं ओढून घेतलं की वाटीला ओलसुद्धा उरली नाही.

तेव्हापासून दिवसरात्र मिळून आठ वेळा. रात्रीची एक पाळी चुकवायची नाही, कारण रात्री काढलं नाही तर दूध आटत जातं. लेकीला नाकातोंडातल्या नळीनं दर दोन तासांनी दूध जायचं. ओढणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या आसपास बसतो, तोवर अंगावर पाजून पोट भरत नाही. दोनचे पाच झाले, पाचचे आठ. चौदाव्या दिवशी एका वेळचे सतरा मिलिलिटर होते आणि काट्यावर १,३८५. संक्रांत मध्येच येऊन गेली. आवारात कुणीतरी तिळगूळ वाटत होतं, मी खाल्ला, एवढं आठवतं.

श्वास मध्येच थांबायचा म्हणून तिला कॅफिन देत होते. हे सासूबाईंना कळलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. माझा दुपारचा चहा त्यांनीच बंद केला होता.

दुसरी गोष्ट कांगारू केअर. नाव ऐकलेलं होतं, वाटायचं हौसेचं काहीतरी असेल. ही पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली. रुग्णालयात बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या कमी, बाळं जास्त, तेव्हा एडगर रे नावाच्या डॉक्टरांनी आयांच्या छातीलाच बाळं बांधली. नंतर मी वाचलं की भारतासह पाच देशांत मिळून एक मोठा अभ्यास झाला, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळ स्थिर व्हायची वाट न बघता जन्मल्याबरोबर असं छातीला धरलं, तर एक किलो ते १,८०० ग्रॅमच्या आतल्या बाळांचे मृत्यू पाव हिश्शानं कमी झाले. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेनं शिफारस केली की दिवसाचे किमान आठ तास आणि जमेल तितके चोवीस तासांपर्यंत बाळ छातीशी असावं. आम्हाला ते आठव्या दिवसानंतर मिळालं. असो.

पहिल्या दिवशी समोरून उघडणारा गाऊन, मागं कललेली खुर्ची. लेकीला फक्त लंगोट, टोपरं आणि पायमोजे. सिस्टरनी तिला दोन्ही स्तनांच्या मध्ये उभं ठेवलं, बेडकासारखे पाय फाकवून, मान एका बाजूला वळवून, म्हणजे नाक मोकळं राहतं. वरून पट्टा बांधला. मी श्वास घ्यायलाच घाबरत होते. माझ्या छातीवर जणू कुणी गरम रुमाल ठेवला आहे, एवढंच ओझं. समोर मॉनिटरवर ऑक्सिजनचा आकडा ९१, ९२ असा हेलकावत होता. पंधराएक मिनिटांनी तो ९६ वर येऊन बसला. तिनं एक बोट माझ्या गळसरीत अडकवलं होतं. दुसऱ्या दिवसापासून गळसरी पर्समध्ये.

मी वहीत तास लिहायचे. आज साडेतीन, आज पाच. पॅकहाऊसची सवय, दर तासाचा रेकॉर्ड. शेजारच्या पलंगावर पेठ तालुक्यातली एक जण होती, तिचं बाळ अकराशे ग्रॅमचं. तिच्याकडं वही नव्हती आणि घड्याळही. तिनं लुगड्याच्या पट्टीनं बाळ बांधलं की ती ते घेऊनच जेवायची, घेऊनच बसल्या बसल्या झोपायची, घेऊनच व्हरांड्यात फिरायची. मी तिला विचारलं, दिवसात किती तास होतात? ती म्हणाली, "सोडलं कवा, ते इचारा." त्या दिवसापासून मी तास लिहिणं बंद केलं.

तो महिना थंडीचा. रोज पेपरात निफाडचा पारा किती उतरला याची बातमी. मळ्यांत बागायतदार रात्री शेकोट्या पेटवत होते, थंडीनं मणी तडकू नयेत म्हणून. माझं सगळं काम द्राक्षाची उष्णता काढून घेण्याचं, प्रीकूलिंगमध्ये अंशाअंशानं उतरवण्याचं. इथं उलट. एवढ्याशा जिवाला अंगात चरबीच नसते, गार पडलं की ते आपलं दूध वजनाऐवजी उबेवर खर्च करतं. सिस्टरनी एक खूण शिकवली: हाताच्या मागच्या बाजूनं आधी पोट बघायचं, मग तळपाय. दोन्ही कोमट, तर ठीक. पोट कोमट पण तळपाय गार, तर बाळ गारठायला लागलंय, लगेच छातीला घ्या. दोन्ही गार, तर छातीला धरूनच दवाखाना गाठा. घरी आल्यावर थर्मामीटरपेक्षा हीच खूण जास्त कामी आली.

विसाव्या दिवशी माझं बीपी पुन्हा चढलं. टाके ओढत होते, डोकं ठणकत होतं, मला झोपायला सांगितलं. लेकीला छातीशी कोण घेणार? नवरा नाशिकरोडला पाळीवर. सिस्टर सासूबाईंकडं वळल्या, "आजी, तुम्ही या." घरातलं कुणीही चालतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. सासूबाईंनी आयुष्यात चारचौघांत ब्लाउजचं बटण काढलेलं नाही. मला वाटलं आता वाद होणार. त्या उठल्या, कोपरापर्यंत हात धुतले, बांगड्या काढून माझ्या उशाशी ठेवल्या आणि पडद्याआड गेल्या. दीड तासानं मी डोकावले तर नात टोपरं घालून त्यांच्या छातीवर झोपलेली आणि त्या काहीतरी पुटपुटत होत्या. रामरक्षा असावी. मी आल्याचं कळल्यावर म्हणाल्या, "तू झोप. माझं अजून झालं नाही."

दुसऱ्या दिवशी त्या घरून एक पुरचुंडी घेऊन आल्या. आत चांदीचं बोंडलं. नवऱ्याला लहानपणी यातूनच पाजलेलं, चोचीपाशी जरा चेपलेलं. मी ओशाळले, आता इथं कुठं हे. सिस्टरनी ते हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि ट्रेमधून स्टीलचं तसंच एक भांडं काढून शेजारी ठेवलं. चोच तीच, खोली तीच. "आमच्याकडं पलाडाई म्हणतात. उद्यापासून नळी कमी करून यानंच पाजायचं आहे." बोंडलं उकळून घेतलं. चोच खालच्या ओठाच्या कोपऱ्यावर टेकवायची, थेंब थेंब सोडायचा, गिळलं की पुढचा. ओतायचं नाही. सासूबाईंचा हात त्यात माझ्यापेक्षा हजारपटीनं स्थिर होता. बाटली मात्र तिथं कुणी आत आणू देत नव्हतं.

डोळ्यांची तपासणी अठ्ठाविसाव्या दिवशी. ही कुणीही चुकवू नये. चौतीस आठवड्यांच्या आधी किंवा दोन किलोच्या आत जन्मलेल्या बाळाचा पडदा तीस दिवसांच्या आत डॉक्टरांनी बघायचा असतो. पडद्यावरच्या रक्तवाहिन्या जन्मताना अर्धवट असतात, त्या बाहेर आल्यावर वेड्यावाकड्या वाढल्या तर नजर जाऊ शकते, आणि वेळेत सापडलं तर लेझरनं थांबवता येतं. बाहेरून डोळे अगदी नीट दिसतात, म्हणून तर फसायला होतं. बाहुली मोठी करायचे थेंब घातले आणि मला बाहेर उभं केलं. आतून ती किंचाळली. तोवर मी तिचा एवढा मोठा आवाज ऐकलाच नव्हता. घाबरायच्या ऐवजी मला हायसं वाटलं, हे कबूल करते. वाहिन्या अजून कडेपर्यंत पोचल्या नव्हत्या, पण वाढ सरळ होती. दर दोन आठवड्यांनी आणखी तीनदा जावं लागलं, मग सुटलो. कानांची तपासणी नंतर झाली, ती व्यवस्थित निघाली.

चौतिसाव्या दिवशी, वजन सलग वाढत १,८१० झाल्यावर, बीसीजी टोचून घरी सोडलं.

घरी दुसरी लढाई. सासूबाईंनी शेगडी, बाळंतशोपा, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर सगळं मांडून ठेवलं होतं. खाण्याचं मी सगळं आनंदानं खाल्लं. धुरीला मात्र नाही म्हणाले, तिच्या फुप्फुसांना धूर नको होता. गुटीलाही नाही. टाळूवर तेल थापायलाही नाही. त्या तीन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, फक्त नातीशी बोलायच्या, माझ्याबद्दल. "तुझ्या आईला सगळं कळतं हो." आशाताई भेटीला आल्या, पिशवीतून झोळीचा काटा काढला, वजन केलं, घड्याळ लावून एक मिनिट श्वास मोजले. साठ किंवा जास्त असले तर दवाखाना, असं सांगितलं. आमचे शेहेचाळीस होते. मग सासूबाईंनी विचारलं, "गुटी द्यायची का?" आशाताई म्हणाल्या, "सहा महिने आईचं दूध आणि डॉक्टरांनी दिलेले थेंब, दुसरं पाणीसुद्धा नाही." थेंब म्हणजे लोह आणि ड जीवनसत्त्व. सहाण त्या दिवशी माळ्यावर गेली. माझ्या सांगण्यावरून गेली नाही, आशाताईंच्या गेली. चालतंय.

पुढचे महिने तुलनेचे. जावेचा मुलगा पंधरा दिवसांनी लहान, तो चौथ्या महिन्यात मान धरून बसला. माझी लेक अजून कलंडायची. डॉक्टरांनी कार्डावर पेन्सिलीनं दोन वयं लिहून दिली होती, जन्मापासूनचं आणि तारखेपासूनचं. लस जन्माच्या वयानुसार. मान धरणं, हसणं, बसणं, रांगणं हे दुसऱ्या वयानुसार बघायचं, दोन वर्षांची होईपर्यंत. आम्हाला आठ आठवडे वजा करायचे होते. मी हे घरात प्रत्येकाला समजावून दमले. सासूबाई ऐकायच्या, काही बोलायच्या नाहीत.

या संक्रांतीला बोरन्हाण केलं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, मुकुट तिनं दोनदा ओढून तोंडात घातला. बोरं, कुरमुरे, उसाचे तुकडे, आणि आमच्या घरची म्हणून थोडी द्राक्षं, मीच निवडून आणलेली. गल्लीतली पोरं वेचायला तुटून पडली. लेक पाटाला धरून उभी राहिली, डुगडुगली आणि बसली. हळदीकुंकवाला आलेल्या एका मावशीबाईंनी विचारलं, "वर्षाची झाली ना? अजून पाऊल टाकत नाही?"

मी तोंड उघडणार एवढ्यात सासूबाई तिच्या केसांतले कुरमुरे काढता काढता म्हणाल्या, "दहा महिन्यांची धरा."